लोखंड गल्लीतली कानस

लोखंड गल्लीच्या तोंडाशी मामाचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्या दुकानाच्या काउंटरमागे ती अकरा वर्षं उभी राहिली. तिच्या सतराव्या वर्षी वडील गेले, तेव्हा मामाने बहिणीला आणि भाचीला दुकानामागच्या खोलीत आणून ठेवलं. हे उपकार मामा कधी विसरला नाही आणि त्या दोघींनाही त्याने ते विसरू दिले नाहीत. पगार असा नव्हताच. "घरचीच पोर आहे, तिला कसला पगार?" असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगे आणि आतून आई मान डोलवी.

कामाला ती पक्की होती. कुठला स्क्रू कुठल्या खोक्यात आहे हे तिला डोळे मिटून सांगता येई. जीभ मात्र खरखरीत. गिऱ्हाईक थापा मारायला लागलं की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती त्याला सोलून काढी. गल्लीने तिचं नाव कानस ठेवलं. तोंडावर म्हणायची हिंमत कुणात नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नसे.

दुकानात सगळ्यांत जास्त खपायच्या त्या बिजागऱ्या. त्या समुद्रापलीकडून खोक्यांत भरून येत, वरून चकचकीत आणि आतून बोंब. दोन पानं आणि मधली पिन, एवढाच तर बिजागरीचा संसार. पण या बिजागऱ्यांचं पान कागदासारखं पातळ आणि पिन नुसती सरकवलेली, टोकं ठोकून पक्की केलेली नाहीत. सहा महिन्यांत पिन खाली घसरे आणि दार एका खांद्यावर लोंबकळायला लागे. मग सुतार दुकानात येऊन ठणाणा करत. मामा अशा वेळी हटकून गोदामात असे, आणि शिव्या तिच्या वाट्याला येत.

एके दिवशी एक म्हातारा सुतार आला. तो ओरडला नाही. त्याने मोडकी बिजागरी काउंटरवर नुसती ठेवली.

"दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटाचं दार नर्सच्या पायावर पडलं," तो म्हणाला. "दोन बोटं मोडली. तीस वर्षं सुतारकी केली मी. आता त्या दवाखान्यासमोरून जायची लाज वाटते."

"मालच रद्दी आहे," ती म्हणाली. "बदलून देते, पण तीही अशीच निघेल."

मामा गोदामाच्या दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. सुताराची पाठ वळल्याबरोबर तो पुढे आला. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती, पण त्याला धीर निघाला नाही.

"दुकान माझं, माल माझा, आणि तू गिऱ्हाइकाला रद्दी म्हणून सांगतेस?"

"रद्दीला रद्दी म्हटलं."

"मग चांगली कुठे मिळते तेही सांगायचंस."

"मिळत नाही. करावी लागेल. आपण इथे करू शकतो, मामा. पत्रा इथे मिळतो. कुलपांचा कारखाना बंद पडल्यापासून हात चालणारी माणसं घरी बसलीत. तू भांडवल घाल, मी बाकीचं..."

मामा हसला. मनापासून हसला. "अगं, इथे बिजागरी होत असती तर मी एवढी वर्षं बाहेरून कशाला आणली असती? इथल्या लोकांना फक्त विकत घेता येतं. त्यावरच तर आपलं चाललंय."

"तुला जमत नाही म्हणून कुणालाच जमत नाही असं थोडंच आहे?"

एका गिऱ्हाइकाने खोकल्याचं निमित्त करून तोंड लपवलं. मामाचं हसू तिथेच विरलं. त्याने तिला दुकानाबाहेर व्हायला सांगितलं. अकरा वर्षांचं काय, असं तिने विचारलं, तेव्हा तो तिरकस आवाजात म्हणाला, "गोदामात परत आलेल्या बिजागऱ्यांची नऊ पोती सडतायत. तुझा फार जीव आहे ना त्यांच्यावर? ने. सगळी ने."

तो टोमणा होता. तिने तो शब्दशः धरला. तासाभरात ती हातगाडी घेऊन आली आणि नऊच्या नऊ पोती बाहेर काढली. चार लोकांदेखत बोललेला शब्द मामाला परत घेता येईना. तो काउंटरला टेकून बघत राहिला. आई मागच्या दारात आली, पदराचं टोक तोंडात धरून उभी राहिली, आणि आत निघून गेली.

भंगारवाल्याच्या अंगणात बंद कारखान्याची एक हातप्रेस गवतात आडवी पडली होती. वरचा दांडा गोल फिरवला की खालच्या पत्र्यावर ठोका बसतो, असं साधं, वजनदार यंत्र. तिने नऊ पोती त्याच्यासमोर ओतली आणि त्यांच्या बदल्यात प्रेस मागितली. भंगारवाला अर्धा दिवस हुज्जत घालत होता. शेवटी तिच्या तोंडाला कंटाळून त्याने प्रेस दिली आणि वर म्हणाला, "आता पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

प्रेस मिळाली, पण पत्र्याला आकार देणारी डाय कोण करणार? त्या कारखान्यात एकच माणूस डाय करत असे. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. कारखाना बंद झाल्यापासून सहा वर्षं तो घराच्या ओट्यावर बसून जगाला नावं ठेवत होता.

"दुकानात उभं राहणाऱ्या बायकांसाठी मी डाय करत नाही," तो म्हणाला.

"मग कुणासाठी करता?"

"कुणासाठीच नाही. सहा वर्षं झाली."

"मग विसरला असाल," ती म्हणाली आणि चालायला लागली.

कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत मिस्त्रीने तिला हाक मारली. त्या हाकेत लोभ अजिबात नव्हता. पुढचे तीन आठवडे तो पोलाद घासत होता तो केवळ तिला खोटं पाडण्यासाठी. दोघं प्रत्येक गोष्टीवर भांडली. पान किती जाड हवं, भोकं तीन हवीत की चार, दांडा कुठल्या हाताने ओढायचा. "विहिरीचं पाणी उपसताय का बाई?" तो खेकसे. "तुम्हीच ओढून दाखवा," ती म्हणे. पहिले चाळीस ठोके वाया गेले, पत्रा फाटला किंवा वाकला. एक्केचाळिसाव्याला नीट पान पडलं. तिने जाड पिन घातली, दोन्ही टोकं हातोडीने ठोकून पसरवली, आणि बिजागरी दोनशे वेळा उघडून मिटली. मिस्त्री समोर बसून मोजत होता. दोनशे झाल्यावर तो म्हणाला, "आकडा चुकला असेल तर पुन्हा करा," आणि घरात गेला. तेवढंच त्याचं अभिनंदन.

टायरच्या दुकानामागची एक पत्र्याची शेड तिने माल खपल्यावर भाडं द्यायच्या बोलीवर घेतली आणि तिथेच एका कोपऱ्यात झोपायला लागली. कुलपांच्या कारखान्यातून निघालेल्या चार बायका त्याच बोलीवर कामाला ठेवल्या. जुन्या तेलाच्या पिंपांचे पत्रे सरळ करून त्यांतून पानं काढायची असं चालू झालं. दोन महिन्यांत खोकी भरली. मग ती पिशवी घेऊन गल्लीत निघाली.

पहिल्या दुकानदाराने बिजागरी हातात घेऊन उलटीपालटी केली. "चांगली आहे," तो म्हणाला, "पण ठेवणार नाही. मामांनी सांगितलंय."

दुसऱ्याने हातातही घेतली नाही. तिसऱ्याने चहा दिला आणि सल्ला दिला, की घरच्या माणसाशी वैर धरू नये. चौथा मोठा ठेकेदार होता, इमारती बांधणारा. त्याचं ऑफिस गल्लीच्या मागे होतं. त्याने नमुना बघितला, फोनवर बोलता बोलताच खिडकीबाहेर फेकला, आणि बोटाने दार दाखवलं. ती खाली उतरली तेव्हा नमुना शोधायला थांबली नाही. दुकानदारांची नावं मात्र तिने डोक्यात लिहून ठेवली, एकूण एकोणीस.

दुकानांची दारं बंद झाली म्हणून ती लाकडाच्या वखारीबाहेर जाऊन उभी राहू लागली. सुतार तिथे फळ्या घ्यायला येत. ते तिला ओळखत होते, ती मामाच्या दुकानातली म्हणून, आणि अकरा वर्षांचा सगळा राग त्यांनी तिथे काढला. एकाने तिच्या पिशवीला लाथ मारली. ती बिजागऱ्या वेचत होती तेव्हा तो म्हातारा सुतार पुढे आला. त्याने एक उचलली, तिने जवळची एक फळी खांबाला ठोकली आणि सगळं अंग टाकून त्या फळीला लोंबकळला. फळी करकरली. बिजागरी हलली नाही.

"बरी आहे," तो खाली उतरत म्हणाला. "एक डझन दे. मोडली तर तुझ्या शेडवर येऊन तुझंच दार काढून नेईन."

असं तिचं पहिलं गिऱ्हाईक झालं. सुतारांना दुकानदाराच्या मर्जीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना दारं पडायला नको होती. वर्षभरात चार बायकांच्या सहा झाल्या.

मामाने आधी भाव पाडला. स्वस्तात विकता यावं म्हणून त्याने पूर्वीपेक्षाही पातळ माल मागवला. तेवढ्याने भागेना, तेव्हा एक दिवस परवाना खात्याचा कारकून तिच्या शेडच्या दारात उभा राहिला. परवाना नाही, कारखाना चालवता येणार नाही. परवान्यासाठी काय लागेल? त्याने यादी वाचली. यादीच्या शेवटी होतं, उद्योजकता केंद्राचं प्रशिक्षण प्रमाणपत्र.

केंद्र नव्या इमारतीत होतं. तिथे दहा दिवसांचा वर्ग होता आणि तो घेणारे साहेब इस्त्रीच्या शर्टात पडद्यावर चित्रं दाखवत. उद्योजक म्हणजे काय, त्याच्या अंगी कुठले गुण असतात, आधी बाजाराची पाहणी, मग प्रकल्प अहवाल, मग उत्पादन. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला विचारलं, की तुमचा प्रकल्प कुठल्या टप्प्यावर आहे. ती म्हणाली, की आजवर तीस हजार बिजागऱ्या विकल्यात. साहेबांनी कपाळाला आठी घातली. "अहवाल नसताना? म्हणजे तुम्ही चुकीच्या टोकाने सुरुवात केलीत," ते म्हणाले आणि पुढच्या चित्राकडे वळले. तिने दात आवळले. रोज अर्धा दिवस प्रेस बंद ठेवून ती तिथे बसत होती आणि कागद हातात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

ती नऊ दिवस गप्प बसली. दहाव्या दिवशी समारोपाला प्रमुख पाहुणे आले. गल्लीतले यशस्वी उद्योजक म्हणून साहेबांनी ज्यांची ओळख करून दिली, तो मामा होता.

मामा चांगलं बोलला. त्याला सभेची सवय होती. "उद्योजक हा देशाच्या प्रगतीचा कणा आहे," तो म्हणाला. "आपला देश वर यायचा असेल तर तरुणांनी नोकऱ्या मागू नयेत, नोकऱ्या द्याव्यात. मी स्वतः एका लहानशा दुकानापासून..." टाळ्या पडल्या. साहेबांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न आहे का.

ती उभी राहिली. जन्मल्यापासून ती मामाला अरेतुरे करत आली होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिने त्याला तुम्ही म्हटलं.

"तुम्ही किती नोकऱ्या दिल्यात?"

मामा पाण्याच्या ग्लासाकडे बघू लागला.

"तुमच्या दुकानात दोन माणसं होती. त्यातली एक मी, बिनपगारी. म्हणजे एक. माझ्याकडे सहा बायका काम करतात आणि त्यांनी केलेला माल तुमच्या सांगण्यावरून गल्लीतलं एकही दुकान ठेवत नाही. आता परवान्याचा माणूसही तुम्हीच पाठवलात. कणा म्हणालात ना? तुम्ही तो कुणाचा मोडताय ते एकदा सांगा, म्हणजे या सगळ्यांना शिकायला मिळेल."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. साहेब धावत माइकपाशी आले. "बाई, हे व्यासपीठ घरगुती भांडणांसाठी नाही."

"घरगुती नाही हे," ती म्हणाली. "धंद्याचंच आहे. तुम्ही दहा दिवस शिकवलंत त्यात हे नव्हतं, म्हणून विचारलं."

प्रमाणपत्रं वाटली गेली. तिचं दिलं गेलं नाही. कागदावर कारण लिहिलं होतं, गैरवर्तन. पुढच्या आठवड्यात शेडला सील लागलं.

सील लागत असताना आई आली. ती मामाकडेच राहत होती आणि दीड वर्षात शेडवर पहिल्यांदाच आली होती.

"भर सभेत दादाची अब्रू काढलीस," आई म्हणाली. "ज्याने सांभाळलं त्याची."

"त्याने वापरलं आई. सांभाळलं नाही."

"तुला वापरलं असेल. मला त्याने डोक्यावर छप्पर दिलं. तुझे वडील गेले तेव्हा त्यांच्या भावांपैकी एक तरी आला होता का? दादा आला."

"मग आता माझ्याकडे ये."

आईने दाराच्या कुलपाकडे बोट केलं. "कुठे? याच्या आत?"

आई वळून निघून गेली. त्यानंतर त्या दोघींचं बोलणं तब्येतीपुरतं उरलं.

सील लागायच्या आधी बाहेर काढलेली प्रेस मिस्त्रीच्या अंगणात गेली. शेजाऱ्यांनी आवाजाबद्दल तक्रार केली, तेव्हा मिस्त्री हातात पाना घेऊन प्रत्येकाच्या दारात जाऊन भांडून आला. तिच्यावर माया होती म्हणून नव्हे. त्याला सहा वर्षांनी काम मिळालं होतं आणि ते काढून घेणाऱ्याचा तो जीव घ्यायला उठला असता.

सात महिने असे गेले. मग एक दिवस दुपारी अंगणाबाहेर गाडी थांबली आणि तो इमारती बांधणारा ठेकेदार उतरला. मुलींच्या वसतिगृहाचं काम त्याच्याकडे होतं. चारशे दारं. मामाच्या नव्या, आणखी पातळ बिजागऱ्या त्याने लावल्या होत्या आणि उद्घाटनाआधीच दारं तिरकी झाली होती. तपासणीला आलेल्या इंजिनियर बाईंनी एकेक दार हाताने उघडून बघितलं आणि काम नापास केलं. मंत्र्यांची तारीख ठरलेली होती.

"सोळाशे बिजागऱ्या," ठेकेदार म्हणाला. "किती दिवसांत?"

"मी तुम्हाला नमुना दिला होता," ती दांडा फिरवत म्हणाली. "तुम्ही खिडकीबाहेर टाकलात. आधी तो आणून द्या."

"अहो, दोन वर्षं होत आली त्याला."

"लोखंड आहे. उडून जात नाही."

त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. तिने पुढे बोलणंच बंद केलं. तासाभराने तो गेला आणि संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या पँटच्या गुडघ्यांना माती होती. बिजागरी गंजून तांबडी झाली होती. तिने ती मिस्त्रीकडे दिली. मिस्त्रीने तेलाचा थेंब सोडला, दोनचार हिसके दिले, आणि ती उघडमीट करू लागली. पिन जागच्या जागी होती.

"वीस दिवस," ती ठेकेदाराला म्हणाली. "पण या अंगणात होणार नाही. माझी शेड उघडून द्या."

तिचे अकरा अर्ज सात महिन्यांत जे करू शकले नव्हते ते ठेकेदाराच्या एका फोनने दोन दिवसांत झालं. सील निघालं. चौथ्या दिवशी केंद्राचे साहेब स्वतः प्रमाणपत्र घेऊन आले, सोबत फोटो काढणारा माणूस. त्यांना यशोगाथांची पुस्तिका काढायची होती. तिने प्रमाणपत्र घेतलं, सही तपासली, आणि फोटोवाल्याला म्हणाली, "पुस्तिकेत गैरवर्तन छापणार असाल तर काढा." साहेब हसल्यासारखं करून निघून गेले.

वसतिगृहाची दारं सरळ उभी राहिली आणि त्यानंतर तिला मागे बघावं लागलं नाही. एकोणीस दुकानदार एकेक करून आले. तिने प्रत्येकाला माल दिला, पण तो पहिल्यांदा काय म्हणाला होता ते शब्दन् शब्द ऐकवल्याशिवाय दिला नाही. पाच वर्षांत शेडच्या दोन शेडी झाल्या आणि बायका चाळीसवर गेल्या. त्यांतल्या अनेकींच्या घरात त्यांचाच पगार पहिला होता. त्यांचं तिच्यावर प्रेम होतं असं मात्र कुणी म्हणणार नाही. प्रेसला बोटं वाचवायची जाळी असते. ती काढली की काम भराभर होतं. एका बाईने जाळी काढून ठेवलेली तिला दिसली. बाई घरात एकटी कमावती होती, हातापाया पडली, बाकीच्या सगळ्यांनी रदबदली केली. तिने बाईला त्याच तासाला घरी पाठवलं. बायका महिनाभर तिच्याशी धड बोलल्या नाहीत. पण एवढ्या वर्षांत तिच्या शेडीत एकही बोट गेलं नाही, आणि कुलपांच्या कारखान्यात दर वर्षी दोनतीन जात, हे त्या बायकांना चांगलं माहीत होतं.

मामाच्या बिजागऱ्यांना आता कुणी विचारत नव्हतं. खोकी मागवणं त्याने बंद केलं. एक दिवस तो तिच्या शेडीत आला. केस पांढरे झाले होते. यंत्रांच्या आवाजात त्याला मोठ्याने बोलावं लागलं आणि ते त्याला लाजिरवाणं वाटलं.

"दुकानात तुझा माल ठेवीन म्हणतो," तो म्हणाला. "थोडी सवलत देशील?"

"सगळ्यांना ज्या भावाने मिळतो त्या भावाने मिळेल. रोख."

"अगं, मी तुझा मामा आहे."

"म्हणून तर रोख," ती म्हणाली.

त्याने माल घेतला. घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आई अजून त्याच्याच मागच्या खोलीत होती. लेकीने नव्या घरात आईसाठी खोली काढून ठेवली होती, पण आई आली नाही. दादा म्हातारा झालाय, त्याच्याकडे बघायला कुणी नाही, असं आईचं म्हणणं. त्या कारणावर लेकीला चिडताही येईना.

याच सुमाराला मिस्त्रीशी बिनसलं. त्याला दाराच्या कड्या आणि कोयंडे करायचे होते. तिला बिजागरी सोडून दुसऱ्या कशातही हात घालायचा नव्हता.

"बाई, माझं उरलेलं आयुष्य तुमच्या दोन पानांत घालवायचं नाही मला," तो म्हणाला.

"मग घालवू नका. दार उघडं आहे."

तो त्याच दुपारी गेला. तिच्या सगळ्यांत तरबेज दोन बायका त्याच्याबरोबर गेल्या. त्याने गल्लीच्या दुसऱ्या टोकाला शेड घेतली. ही बातमी कळली तशी ती पत्र्याच्या व्यापाऱ्याकडे गेली आणि म्हणाली, "मिस्त्रीला पत्रा द्यायचा नाही. दिलात तर मी दुसरीकडून घेईन." बोलताबोलताच तिला कळलं की हे शब्द आपण कुठे ऐकलेत. तरी तिने वाक्य पुरं केलं.

व्यापाऱ्याने तिचं ऐकलं. मिस्त्री दुसऱ्या गावाहून महागाचा पत्रा आणू लागला, स्वतः ट्रकवर बसून. दीड वर्ष त्याने ते रेटलं आणि त्याच्या कड्या चालल्या. मग व्यापाऱ्यालाच हाव सुटली, त्याने गुपचूप मिस्त्रीला पत्रा द्यायला सुरुवात केली. तिला समजलं. तिने व्यापारी बदलला नाही, पण घातलेली बंदीही मागे घेतली नाही. त्या एका गोष्टीबद्दल ती कधी कुणाशी बोलली नाही.

मिस्त्रीचं बघून त्याच्याबरोबर गेलेली एक बाई वेगळी झाली आणि खिडक्यांचे हूक करू लागली. तिच्या दिराने खिळ्यांचं यंत्र टाकलं. कानसने ज्यांना ज्यांना हाकललं किंवा जे तिला वैतागून गेले, त्यातले तिघं आता मालक होते. तिने काढून टाकलेली ती जाळीवाली बाईही, आणि तिच्या प्रेसला जाळी होती. सगळे मिळून सात मालक झाले. सात जण एकमेकांचे कारागीर पळवत, भाव पाडत, एकमेकांच्या मालाची निंदा करत. केंद्रातल्या साहेबांच्या जागी आलेले नवे साहेब परगावच्या पाहुण्यांना घेऊन गल्ली दाखवायला येत आणि म्हणत, इथलं वातावरण उद्योगाला फार पोषक आहे. समुद्रापलीकडची बिजागरी, कडी, हूक किंवा खिळा आता गल्लीत शोधून सापडत नव्हता, एवढं मात्र खरं.

तीन वर्षं ती आणि मिस्त्री एकमेकांना रस्त्यात दिसले तर बाजू बदलत. मग एका सकाळी ती सरळ त्याच्या शेडीत शिरली. प्रेसवरच्या बायकांचे हात थबकले. त्यातली एक तिच्याकडून गेलेली. मिस्त्री ग्राइंडरवर काहीतरी घासत होता. त्याने मान वर केली नाही.

तिने ढिगातली एक कडी उचलली, कोयंड्यात घालून बघितली, काढली, पुन्हा घातली.

"भोक अर्ध्या सुताने खाली बसलंय," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. डाय झिजलीय."

"मग बदला."

"बदलतोय. हे सांगायला आलात?"

"नव्या वसाहतीचं काम निघालंय. दोन हजार दारं. त्यांना बिजागरी आणि कडी एकाच हातून हवीय. बिजागरी माझी, कडी तुमची. जमत असेल तर बोला."

मिस्त्रीने ग्राइंडर बंद केला. चिंधीला हात पुसले. "माझा भाव मी ठरवणार."

"ठरवा. जास्त लावलात तर हूकवालीला कड्या करायला लावीन."

"तिला डाय कोण करून देणार? मीच ना?"

"तुम्ही नाही दिलीत तर बाहेरून आणीन."

"आणा, आणा. बाहेरून आणायचं तुमच्या घराण्यात आहेच."

हे तिला लागलं. बायकांना वाटलं आता ती निघून जाईल. ती गेली नाही. पिशवी तिने डायच्या पेटीवर ठेवली आणि कागद बाहेर काढला. "दोन हजार दारांना चार हजार कड्या," ती म्हणाली. "पहिला हप्ता कधी देता ते आधी बोला, मग माझं घराणं काढा." मिस्त्रीने तारीख सांगितली. ती म्हणाली, फार उशीर. तो म्हणाला, तुमच्या बिजागऱ्या तरी तोवर होणारेत का? आवाज चढत गेले. बायकांनी थोडा वेळ ऐकलं, नेहमीचंच आहे असं बघितलं, आणि दांडे पुन्हा फिरवायला लागल्या.